जे. पी. नगरातलं तुमचं मेक्सिको

अण्णा,

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निपाणीहून सुलूआत्या आल्या. तुमची धाकटी बहीण. बसमध्ये बसल्यापासून त्यांनी रडू आवरून धरलं होतं, घरी पोचलं की भावाच्या नावानं एकदा मोकळं व्हायचं म्हणून. ऑटोवाल्यानं त्यांना आपल्या फाटकाशी उतरवलं, मान वर करून घराकडे बघितलं आणि खुशीत विचारलं, “मदुवे मने ना, अज्जी?” लग्नाचं घर ना हे, आजी?

आत्यांनी उत्तर दिलं नाही. पदर तोंडाला लावला, तुम्हाला हाक मारायला श्वास घेतला आणि समोरची भिंत दिसल्यावर हाक राहूनच गेली. “अगंबाई,” त्या मला म्हणाल्या, “हा कसला गं रंग?” मग माझ्या गळ्यात पडून रडल्या. आधी रंग, मग तुम्ही. तुम्हाला हा क्रम फार आवडला असता.

दिवसभर हेच चाललं होतं. तुमच्या विमान कारखान्यातले जुने सहकारी पांढरे शर्ट घालून आले, घर चुकलं समजून पुढच्या गल्लीत जाऊन परत आले आणि चेहरे पाडून गडद गुलाबी भिंतीखाली ओळीनं बसले. डोक्यावर तुम्ही टांगलेल्या कागदी पताका फडफडत होत्या. तुमच्या लेकाला, निरंजनला, कसंतरी झालं. तो शिडी आणायला निघाला, तेवढ्या पताका तरी उतरवू म्हणाला. शेजारच्या पद्माआंटींनी त्याचा दंड धरला. “बेड, बेड. इर्ली,” म्हणाल्या. नको, राहू दे. ज्या बाईनं या रंगाविरुद्ध गल्लीभर सह्या गोळा केल्या होत्या, तीच पताकांची राखण करत उभी होती. तुम्ही माणसांचं काय करून ठेवलंय ते एकदा येऊन बघायला हवं होतं.

मला आठवतंय ते सगळं तुम्हाला सांगते. तुमची सून या नात्यानं तुमच्याशी मी जितकं बोलले त्यातलं निम्म्याहून जास्त भांडणच होतं, तेव्हा आजही तोल थोडा जाईल. सांभाळून घ्या.

आई गेल्या तेव्हा तुम्ही बोलणं सोडलंत. रागावून नाही, नुसतं संपल्यासारखं. वेताच्या खुर्चीत बसून समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहायचात. ती भिंत मी पांढरी रंगवली होती. सगळं घरच मी पांढरं केलं होतं. पुण्याहून लग्न करून आले, इंदिरानगरमध्ये स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं, लोकांची घरं सजवून देण्याचं काम सुरू केलं, आणि आपलं हे जे. पी. नगरातलं घर म्हणजे माझ्या कामाचा नमुना होता. पांढऱ्या भिंती, कमीत कमी सामान, पुढे एकसारखी कापलेली हिरवळ. गिऱ्हाइकांना मी चहाला बोलवायची आणि ते “किती शांत वाटतं हो,” म्हणायचे. आई असताना ते घर शांत वाटायचं. त्या गेल्यावर ते रिकामं वाटायला लागलं, आणि दोन्हींत भिंतींचा रंग तोच होता.

निरंजनच्या वाढदिवसाला आम्ही तुम्हाला जवळजवळ उचलूनच इंदिरानगरच्या त्या मेक्सिकन हॉटेलात नेलं. तुम्ही टोपलीतला मक्याचा तुकडा मोडलात, चघळलात आणि म्हणालात, “पापड नीट भाजला नाही.” पुढचं ताट आलं तेव्हा, “राजमा-भात. हे खायला एवढ्या लांब कशाला?” कित्येक आठवड्यांत तुम्ही बोललेली ही सगळ्यात लांब वाक्यं. निरंजननं टेबलाखालून माझा पाय दाबला. मग तुम्ही उठलात. आम्हाला वाटलं, घरी जायचं म्हणताय. तुम्ही गेलात ते सरळ समोरच्या भिंतीपाशी. निम्मी गुलाबी, निम्मी पिवळी, मधल्या कोनाड्यात निळा माठ. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, भिंतीला नाक लावलंत आणि नखानं रंग खरवडलात.

मॅनेजर धावत आला. “सर, एनी प्रॉब्लेम?”

“हा गिलावा चुन्याचा आहे की सिमेंटचा?”

त्याला मराठी येत नव्हतं. तुम्ही तेच कानडीत विचारलंत, मग इंग्रजीत. त्याला तिन्ही भाषांत उत्तर माहीत नव्हतं. परत येताना गाडीत तुम्ही मागच्या सीटवर बसून बाहेर बघत होतात आणि अचानक म्हणालात, “अनघा, ती माणसं रंगाला भीत नाहीत, बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः होऊन कॉफी मागितलीत. “स्वल्प साखर जास्त घाल,” म्हणालात. मी ओट्याशी उभी होते. अण्णा, तुम्ही पुढे जो काही हैदोस घातलात त्या सगळ्याला मी त्या क्षणीच होकार देऊन बसले होते. गुलाबी भिंत, निवडुंग, पताका, सगळ्याला. तुम्हाला तसं सांगितलं असतं तर तुम्ही आणखी चेकाळला असतात, म्हणून शेवटपर्यंत विरोध केला.

मग तुमचा अभ्यास सुरू झाला. आयुष्यभर विमानांच्या हायड्रॉलिक्समध्ये काम केलेला माणूस एखाद्या गोष्टीचा नाद लावून घेतो म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही टीव्हीवर मेक्सिकोतल्या घरांचे व्हिडिओ लावायचात, मध्येच थांबवायचात आणि पडद्याला पट्टी लावून खिडकीची लांबी-रुंदी मोजायचात. स्पॅनिश शब्द पाठ केलेत. ‘कासा’ म्हणजे घर हे कळल्यावर फाटकावर ‘कासा देसाई’ अशी मातीची पाटी आली. तुमचे मराठी मित्र फिरायला जाताना ती वाचून बाहेरूनच ओरडायचे, “कसा आहेस, देसाई?” तुम्ही आतून, “मस्त की!” दर सकाळी. पार्सलवाल्या पोरांचे मात्र मला फोन यायचे, “मॅडम, मिस्टर कासा घरी आहेत का?”

रंगाच्या दिवशी आपलं जे भांडण झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. रंगारी बसवराज शेडकार्ड घेऊन मध्ये उभा होता. मी म्हटलं, “अण्णा, प्लीज. एक भिंत करा. एकच. अ‍ॅक्सेंट म्हणून.”

“अ‍ॅक्सेंट म्हणजे?”

“म्हणजे... ठळकपणा. जेवणात लोणचं असतं ना, तसं.”

“मला लोणचं नको आहे. मला जेवायचंय.”

“पण घरात शांतता नको का?”

“शांतता पुष्कळ झाली,” तुम्ही म्हणालात. मग बहुधा मला वाईट वाटेल म्हणून लगेच आवाज चढवलात, “आणि तुझ्या या पांढऱ्यात भिंत कुठं संपते आणि दार कुठं सुरू होतं तेच कळत नाही. परवा मी काचेला धडकलो काय नाही?”

धडकला होतात. बसवराजनं हळूच कार्डावरच्या एका गुलाबीवर बोट ठेवून तुम्हाला सावध केलं की हा रंग लोक फक्त मंगल कार्यालयांना देतात. तुम्ही म्हणालात, “तोच.”

बागेचं तर विचारूच नका. मी नर्सरीतून गालिच्यासारखी हिरवळ आणून लावली होती. तिला रोज पाणी लागायचं आणि उन्हाळ्यात आपल्याकडे टँकरची वाट बघायची पाळी. तुम्ही कुदळ घेऊन ती उपटलीत. तिथं खडी आली, मातीचे माठ आले, बोगनवेल आली आणि फड्या निवडुंग आलं. सुलूआत्यांनी फोनवरून सांगितलं, दारात काटे लावू नकोस, घरात भांडणं होतात. तुम्ही म्हणालात, “भांडणं होतातच आहेत, काट्यांनी काय बिघडायचंय?” एके दिवशी टेम्पोतून एक भलं मोठं घायपात उतरलं. तलवारीसारखी पानं, टोकाला सुई. “हे आमच्या गावात शेताच्या बांधावर असायचं,” तुम्ही मला कौतुकानं दाखवलंत. “आम्ही त्याचे दोर वळायचो. तिकडं त्याची दारू काढतात. बघ, एकच झाड, आणि आम्ही काय केलं तर दोर!”

त्याच आठवड्यात निरंजन ऑफिसशी फोनवर बोलत बोलत मागे सरकला आणि फड्या निवडुंगावर बसला. त्याच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसचा कुणीतरी मोठा साहेब त्या वेळी परदेशातून त्याला कामाची मुदत विचारत होता. निरंजनच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून साहेबानं म्हणे मुदत वाढवून दिली. नंतर तो पलंगावर पालथा, मी चिमटा घेऊन बाजूला आणि तुम्ही भिंग धरून उभे. “हलू नको, निरू. हे केसासारखे बारीक काटे असतात, त्यांना खालच्या बाजूला कुसळं असतात. म्हणून ते सरळ ओढायचे नाहीत, वळवून काढायचे.” तो बिचारा उशीत तोंड खुपसून म्हणाला, “अण्णा, माहिती नंतर द्या.” मी हसून हसून चिमटा खाली टाकला. आई गेल्यानंतर त्या घरात तिघं एका वेळी हसलो ती पहिली वेळ. निरंजन हसत नव्हता, खरं तर. पण तो तिथं होता.

कारंज्याचीही आठवण काढायला हवी, नाहीतर पद्माआंटी मला माफ करायच्या नाहीत. अंगणाच्या मध्यभागी रंगीत फरशांचं अष्टकोनी टाकं तुम्ही बांधून घेतलंत आणि त्याला पंप कुठला लावायचा हे मात्र कुणाला विचारलं नाहीत. जन्म हायड्रॉलिक्समध्ये गेलेला, विचारणार कोणाला? बटण दाबल्यावर पाणी वर गेलं, कंपाउंडवरून पलीकडे गेलं आणि पद्माआंटींनी वाळत घातलेल्या संडग्यांवर पडलं. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, आवाज काउंटरपलीकडे पोचवायची सवय. “मिस्टर देसाई! हे घर आहे की एअरपोर्ट?” तुम्ही पंप बंद केलात, बाजूला बसलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “प्रेशर स्वल्प जास्त झालं.” त्यानंतर बोअरचं पाणीच आटलं आणि त्या टाक्यात तुम्ही झेंडू लावलात.

मी म्हटलं, “कारंजं गेलं, मेक्सिको गेलं.”

“गेलं कुठं? झेंडू मूळचा तिथलाच.”

“काहीतरीच!”

“वाच की. झेंडू तिथला, मिरची तिथली, चिकू तिथला. आपल्या स्वयंपाकघरात मेक्सिको कधीच येऊन बसलंय, अनघा. तूच तेवढी स्वित्झर्लंडमध्ये राहतीस.”

मी त्या दुपारी चोरून सगळं शोधून काढलं. खरं होतं. तुम्हाला सांगितलं नाही.

आता त्या रविवारबद्दल. त्या दिवशी बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीतलं जोडपं आपलं घर बघायला येणार होतं. मोठं काम होतं, सबंध फ्लॅट. मी आठवडाभर आधी तुम्हाला बजावून ठेवलं होतं की घराचा पुढचा भाग तुमचा, पण आतल्या माझ्या दोन पांढऱ्या खोल्या मला दाखवायच्या आहेत, तेव्हा त्या दिवशी काही काढू नका. तुम्ही मान डोलावलीत.

आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधी, मी ऑफिसला गेलेली असताना, फाटकाशी एक कुटुंब उभं राहिलं. आजी, मुलगा, सून, तिच्या कडेवर तान्हं मूल. मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी ठरवलेल्या हॉलच्या मालकानं ऐन वेळी नाही म्हटलं होतं आणि ते वणवण फिरत आपल्या गल्लीत आले होते. गुलाबी भिंत, पताका, अंगणभर झेंडू. मुलानं तुम्हाला विचारलं, “सर, हॉल खाली इदेया? संडे?” रविवारी हॉल रिकामा आहे का?

कुणीही दुसरा माणूस म्हणाला असता, हे घर आहे. तुम्ही विचारलंत, “कार्य कसलं?”

बाळाचं बारसं. तुम्ही त्यांना आत बोलावून कॉफी दिलीत, सगळं अंगण फिरवून दाखवलंत, पायऱ्यांवरच्या रंगीत फरशांची वेगळी वेगळी नक्षी समजावून सांगितलीत. मुलानं भाडं विचारलं. तुम्ही म्हणालात, भाडं नको, फक्त चपला निवडुंगाजवळ काढू नका.

हे मला कळलं ते रविवारी सकाळी, मांडववाला घंटी वाजवून “आचारी कुठं बसवायचा?” म्हणाला तेव्हा.

“अण्णा!”

“अगं, सांगणार होतो. तू चिडशील म्हणून...”

“माझे क्लायंट येतायत! आज! सीरियसली, अण्णा!”

“येऊ दे की. जेवून जातील.”

तुम्हाला त्या घटकेला काय काय बोलले ते मी परत लिहीत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत, स्वच्छ धोतर नेसलात आणि पाहुण्यांच्या स्वागताला फाटकाशी जाऊन उभे राहिलात, जसं काही ते कार्यालय तुमच्या वाडवडिलांपासून चालत आलंय.

माझं जोडपं आलं तेव्हा नादस्वर वाजत होतं. अंगणात पायाला पाय लागत होता. दारात एका अनोळखी मावशीनं दोघांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं आणि बाईंच्या केसांत गजरा माळून टाकला. मी त्यांना कशीबशी आत माझ्या पांढऱ्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हटलं, “इथे बघा, प्रकाश कसा भिंतीवर...” तेवढ्यात दार उघडून एक बाई आत आली, “बाळाला पाजायला शांत जागा हवी होती,” म्हणाली आणि माझ्या करड्या सोफ्यावर बसली. साहेब घाईनं बाहेर गेले. त्यांच्या बाई मात्र तिच्याशेजारी बसून बाळाच्या पायाशी खेळू लागल्या.

अर्ध्या तासानं मी बाहेर आले तर साहेब केळीच्या पानावर बसलेले आणि तुम्ही वाढताय. पाळणा पताकांखाली टांगला होता. बाळाचे आजोबा नव्हते, काही महिन्यांपूर्वीच गेले होते. त्या आजी तुमच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, घरातलं मोठं माणूस म्हणून तुम्हीच मांडीवर घ्या. तुम्ही वाढण्याचं भांडं खाली ठेवलंत, हात धुतलेत, ते मूल घेतलंत. ते तुमच्या चष्म्याला हात घालत होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, पण मी तुमच्याकडे बघत होते. तुमची हनुवटी थरथरत होती आणि तुम्ही ती आवरायला बाळाला मोठमोठ्यानं कानडीत विचारत होतात, “ऊट आयता? ऊट आयता?” त्या दूधपित्या पोराला, जेवण झालं का म्हणून.

काम मला मिळालं नाही. साहेबांनी ते दुसऱ्या कुणाला दिलं. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी साहेबांच्या बाईंचा फोन आला. मी उत्साहानं उचलला. “सरांना द्याल का?” त्या म्हणाल्या. “निवडुंगाचं एक पान हवं होतं लावायला.” त्या नंतर कितीदा तरी आल्या. तुमच्याशी गप्पा मारायच्या, कॉफी प्यायच्या, जाताना काहीतरी उपटून न्यायच्या. त्यांच्या नवऱ्याच्या फ्लॅटमध्ये म्हणे सगळं पांढरं आहे, बाल्कनी सोडून.

आईंच्या श्राद्धाच्या दिवशी तुम्ही मला लवकर हाक मारलीत. दिवाणखान्यातला जो कोनाडा मी मुद्दाम रिकामा ठेवला होता, तो तुम्ही हळदीसारखा पिवळा रंगवून घेतला होता. त्यात आईंचा फोटो. लग्नातला नव्हे, म्हातारपणचाही नव्हे. लालबागेत फुलांच्या प्रदर्शनात काढलेला, वाऱ्यानं केस उडालेला, कुणावर तरी ओरडत असलेला. भोवती झेंडूची रास. पुढे फिल्टर कॉफीचा पेला आणि बेकरीतून आणलेलं दिलपसंद, त्यांना आवडायचं ते, खोबऱ्याच्या सारणाचं. “तिकडची माणसं असं करतात,” तुम्ही म्हणालात. “गेलेल्यांना वर्षातून एकदा घरी बोलावतात. फुलांच्या वासावर वाट सापडते म्हणे. आपला पितृपक्षच की. फक्त ते रडत बसत नाहीत, आवडीचं खाऊ घालतात आणि त्यांच्या गोष्टी सांगतात.”

“मग सांगा ना गोष्ट,” मी म्हटलं.

तुम्ही फोटोवर पडलेली झेंडूची एक पाकळी बाजूला केलीत. आणि मग सांगायला लागलात. हे घर बांधलं तेव्हा आईंना पुढची भिंत पोपटी हवी होती. तुम्ही तेव्हा हसण्यावारी नेलंत, शोभणार नाही म्हणालात, साईबाबांच्या देवळासारखं दिसेल म्हणालात. आईंनी पुन्हा विषय काढला नाही. “एकदा भांडली असती तर तो रंग देऊन टाकला असता,” तुम्ही म्हणालात. “तुझ्यासारखी भांडायला हवी होती.”

पूजेला आलेले गुरुजी कोनाड्यापुढे थबकले. हे शास्त्रात कुठं बसतं, असं त्यांनी विचारलं. तुम्ही त्यांना दिलपसंदचा तुकडा दिलात. त्यांनी तो खाल्ला आणि पुढे काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी तुमच्याशी जास्त जोरात भांडायला लागले, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? माझ्या अभ्यासिकेच्या भिंतीवरून आपण जे लढलो ते तर इतिहासात जायला हवं. तुम्हाला ती शाईसारखी निळी हवी होती. तुम्ही माझ्या टेबलावर निळ्या रंगाच्या वाट्या ठेवायचात, मी त्यात पेनं ठेवायची. तुम्ही बसवराजला परस्पर बोलावलंत, मी त्याला परस्पर परत पाठवलं. त्या माणसानं शेवटी आपला फोन बंद करून टाकला. ती भिंत पांढरीच आहे, अण्णा, आणि राहणार. मी बरोबर आहे. डोक्यात दिवसभर लोकांचे रंग घेऊन फिरणाऱ्या बाईला टेकायला एक पांढरी भिंत लागते. हे तुम्हाला पटवून देण्याच्या मी अगदी जवळ आले होते आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. याला काय म्हणायचं?

तुमच्या जाण्याबद्दल लोक म्हणतात, फार हाल झाले नाहीत, मुलगा जवळ होता, हात हातात होता. ते खरं आहे. पण कामाच्या दिवशी, भर दुपारी, त्या रिंग रोडच्या गर्दीतून निरंजन बेळ्ळंदूरहून वेळेत कसा पोचला, हे सगळ्यांना कोडं पडलंय. तुम्ही दवाखान्यात होतात खरं, पण डॉक्टरांनी तर सकाळीच सांगितलं होतं, प्रकृती सुधारतेय, परवापर्यंत घरी सोडू. त्याला कुणी बोलावलं हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

तुम्ही उशाला टेकून बसला होतात. सकाळपासून दवाखान्याच्या पडद्यांना नावं ठेवून झाली होती. असल्या मळकट हिरव्यात माणूस बरा कसा होणार, असं तुम्ही नर्सला विचारलं होतंत आणि ती हसून गेली होती. मग तुम्ही घराच्या गच्चीच्या विषयावर आलात. घरी गेल्यावर गच्ची रंगवायची, विटकरी. मी नेहमीसारखी कंबर कसली. म्हटलं, “अण्णा, गच्ची पांढरीच करायची. पांढऱ्या रंगानं ऊन परततं, खाली घर थंड राहतं. हे तुम्हाला इंजिनिअर म्हणून कळायला हवं. घरी चला, मी म्हणते तशी करू.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. हातावर थोपटलंत. आणि म्हणालात, “सरी.” ठीक आहे.

मी थांबले. तुमची ‘सरी’ कधी एकटी येत नसे. तिच्यामागून ‘पण’ यायचा आणि त्या ‘पण’च्या मागून तासभर तुम्ही. मी वाट बघितली. तुम्ही डोळे मिटलेत.

मी बाहेरच्या वऱ्हांड्यात गेले आणि निरंजनला फोन लावला.

“लगेच निघ,” म्हटलं.

“का? डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टर काही म्हणाले नाहीत. निरू, अण्णा माझ्याशी वाद घालत नाहीयेत.”

पलीकडे त्याची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.